मदत हवी आहे: रोलबॅक होऊनही टेस्टचा डेटा मागे उरतो

नमस्कार मंडळी. स्प्रिंग बूट (जावा फ्रेमवर्क), डेटाबेस टेस्टकंटेनर्समध्ये (टेस्टपुरते डॉकर कंटेनर उभे करणारी लायब्ररी) पोस्टग्रेस १६. (कृपया त्याऐवजी एचटू हा मेमरीत चालणारा डेटाबेस सुचवू नका, 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट', म्हणजे नोंद आधीच असेल तर ती बदलणं, तिथे चालत नाही.)

टेस्ट 'ट्रान्झॅक्शनल' असल्याने, म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालत असल्याने, शेवटी रोलबॅक होतो, म्हणजे बदल रद्द होतात. पण ऑडिटची (काय बदललं याची) नोंद 'रिक्वायर्स न्यू' या सेटिंगमुळे वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट (कायम) होते, ती टेबलात उरते आणि पुढच्या टेस्टमधली मोजणी चुकते. दर टेस्टनंतर चालणाऱ्या 'आफ्टर ईच'मध्ये दुसऱ्या कनेक्शनवरून ते टेबल ट्रंकेट (रिकामं) केलं की सगळं अडकतं, कारण टेस्टचं ट्रान्झॅक्शन तोवर उघडंच असतं आणि मोजणीच्या सिलेक्टने टेबलावर लॉक धरलेलं असतं.

रोलबॅक झाल्यावर चालणाऱ्या 'आफ्टर ट्रान्झॅक्शन'मध्ये फक्त ऑडिट टेबल पुसावं, की 'ट्रान्झॅक्शनल' काढून दर टेस्टआधी सगळी टेबलं ट्रंकेट करावीत? दुसरा मार्ग जास्त खरा वाटतो: प्रत्यक्ष कमिट होऊन सेशन बंद झाल्याने डिफर्ड कन्स्ट्रेंट (कमिटच्या वेळी तपासले जाणारे नियम) आणि लेझी लोडिंगच्या (जोडलेला डेटा लागेल तेव्हाच आणण्याच्या) चुकाही पकडल्या जातात. पण ४० टेबलांवर वेग किती घटतो? कोणी मोजलंय का?