मुलांची फी धरू नका
तुम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं अशा चौघांच्या अमेरिकी सिटिझनशिपच्या फीचा ७१० डॉलर गुणिले चार असा हिशेब मांडलाय, तो जरा तपासा. एन-४०० म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज ऑनलाइन भरला तर ७१० डॉलर (कागदी अर्जाला ७६०) हे बरोबर, पण ते फक्त तुम्हा दोघांचे. अठराच्या आतली, ग्रीन कार्ड असलेली मुलं तिथेच तुमच्याजवळ राहत असतील, तर आईवडिलांपैकी एकाने शपथ घेतली की तीही आपोआप नागरिक होतात.

आमच्या धाकटीचा आम्ही थेट पासपोर्टच काढला, १३५ डॉलरमध्ये. सोबत तिचा जन्मदाखला, ग्रीन कार्ड आणि माझं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट (नागरिकत्व मिळाल्याचा दाखला) जोडलं. एन-६०० अर्ज करून मिळणारं मुलांच्या नागरिकत्वाचं वेगळं प्रमाणपत्र तेराशेच्या वर जातं, त्याची घाई नको. तुमचा थोरला मात्र अठराच्या जवळ आला असेल तर तुमचा अर्ज आजच टाका. शपथेआधी त्याला अठरा पूर्ण झाली, तर त्याची फी वेगळी भरावी लागेल.