चौकातल्या माशाचं पत्र

ए-२०१: चौकातला तो फायबरचा सुरमईचा पुतळा, तो मासा, हटवावा म्हणून पत्र लिहिलंय. वॉचमनकडे ठेवलंय, उद्यापर्यंत सह्या करा.

सी-१०३: मी करणारच. शहराची शोभा घालवली त्याने.

बी-३०१: काका, मी सही नाही करणार. मासा मलाही आवडत नाही. माझं माहेर बंदरावरचं, सुरमई काय असते ते मला कोणी सांगायला नको. तिला असे बशीएवढे खवले नसतात. अंग गुळगुळीत, कुशीला उभे पट्टे, शेपटीकडे वर-खाली बारीक परांची रांग. करणाऱ्याने एकदा लिलावाला उभं राहून बघायला हवं होतं. वाईट याचंच वाटतं. पण नुसतं ‘हटवा’ म्हटलं तर नवं टेंडर निघेल आणि पुन्हा कोणाला न विचारता फायबरचं काहीतरी येऊन बसेल. पैसे आपलेच.

सी-१०३: हे पटलं.

बी-१०२: मी फॅब्रिकेशनवाला, म्हणून वेगळी काळजी. काल चौथऱ्यावर चढून बघितलं. फायबरवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, उन्हाने वरचा थर गेलाय. पोटाखालच्या जोडातून गंजाचे ओघळ पार खालच्या जांभ्या दगडापर्यंत आलेत. आपल्या खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडचं स्टेनलेससुद्धा डाग धरतं. ३१६ ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो म्हणून ते जास्त तग धरतं. आत साधं लोखंड असेल तर बघायलाच नको. मालवणात राजकोटला महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नटबोल्ट गंजताहेत हे त्याआधी लेखी कळवलेलं होतं. इथे तर माशाखाली पोरं शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी असतात.

ए-२०१: मग हटवायलाच हवा ना!

बी-१०२: आधी सांगाड्याची तपासणी मागा, अहवाल लेखी मागा. तोवर पोरांचा थांबा पलीकडे न्या.

सी-१०३: आणि नवीन करायचंच तर इथल्या दगडात करा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, कोरलेला हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे, त्याच्या अंगात किती प्राणी कोरलेत! २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. असं काम घरात असताना फायबर कशाला?

बी-३०१: आणि चित्र आधी लोकांना दाखवा, मच्छीमार सोसायटीला तर नक्कीच. हेही पत्रात घाला.

ए-२०१: तपासणी, थांबा आणि चित्र, तिन्ही घालतो. ‘हटवा’ मात्र मी काढणार नाही.

बी-३०१: राहू दे, पण तपासणी पहिल्या ओळीत घ्या. मग मी सही करते.

ए-२०१: चालेल. रात्री नवीन प्रत ठेवतो. जुनीवर कोणी सही करू नका.