४८६ माळ्यावर ठेवला म्हणजे गेम जपला असं होत नाही

रामबागवाला
परवा वडिलांचा ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला जुना कॉम्प्युटर, माळ्यावरून खाली काढला. वीस-एक वर्षं चादरीत बांधून ठेवला होता. उघडला तर मदरबोर्डवरची बॅटरी फुटलेली आणि भोवतालच्या तांब्याच्या रेषा हिरव्या गंजाने खाल्लेल्या. हार्ड डिस्क फिरते, पण वाचत नाही. आमचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम त्यातच होता.

म्हणून सांगतो, यंत्राला कवटाळून बसू नका. आधी गेम बाहेर काढा, फायली दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि डॉसबॉक्सवर, म्हणजे जुने डॉस गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, चालवा. आजच्या ६४-बिट विंडोजवर त्या काळचे १६-बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. डॉसबॉक्स मात्र साउंड ब्लास्टर या साउंड कार्डासकट अख्खं जुनं मशीन सॉफ्टवेअरमधून उभं करतं. याच गेमचा १९८९ चा ॲपल टू वरचा मूळ कोड त्याच्या निर्मात्याला, जॉर्डन मेक्नरला, सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना एका खोक्यात फ्लॉप्या मिळाल्या आणि त्या वाचता आल्या. आपल्या फ्लॉप्या तेवढ्या नशीबवान निघतील हे धरून चालू नका.

लोकमान्यनगर
अजिबात पटलं नाही. लॅपटॉपवर चालतो तो गेम वेगळाच वाटतो. ३२०×२०० चं चित्र जुन्या मॉनिटरवर उभं ताणलं जायचं, म्हणून राजपुत्र सडपातळ दिसायचा. आता तो ठेंगणा दिसतो. शिफ्ट दाबून काठापर्यंत एकेक पाऊल सरकायचं, उडी मारून पलीकडचा कडा पकडायचा. त्यात बोट आणि पडदा यांच्यात क्षणाचंही अंतर पडलं की हात चुकतो. माझा ४८६ आजही चालू आहे. बॅटरी मी वेळेवर काढून ठेवली होती. तुमचा गेला तो हेळसांडीमुळे, त्याचा दोष यंत्राला देऊ नका.

रामबागवाला
हेळसांड झाली, कबूल. ठेंगणेपणावर उपाय आहे: डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'ॲस्पेक्ट' चालू करा, चित्र ४:३ होतं. बोटाचं म्हणणं मान्य. पण काका, तुमची पिक्चर ट्यूब गेली की नवी कुठून आणणार? माझी अकरा वर्षांची भाची काल लॅपटॉपवर पहिल्यांदा खेळली. खिळ्यांवर सात वेळा पडली, आठव्यांदा श्वास रोखून शिफ्ट दाबून चालत गेली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती जे खेळली तो गेमच होता.

सुदामानगरची ताई
दोघेही मुख्य गोष्ट टाळताय. पहिली पातळी संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्या यायच्या, आठवतं? मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधून तीच बाटली प्यायची. आमच्या ओळखीत मॅन्युअल कुणाकडेच नव्हतं, कारण सगळ्या प्रती हातोहात उतरवलेल्या. 'जपतो' म्हणायच्या आधी ती प्रत आपली होती का, हे बघा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२: बॅकअप घ्यायची मुभा आहे, पण ज्याच्याकडे प्रत कायदेशीर आहे त्यालाच.

रामबागवाला
ताई, प्रतीबद्दल तुमचं खरं आहे. जे विकत मिळतं ते विकतच घ्यावं. १९९९ चा 'एज ऑफ एम्पायर्स २' २०१९ मध्ये नव्याने आला, मी घेतला. पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं, तर अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. त्यांचं काय करायचं?

सुदामानगरची ताई
बाजारात नाही म्हणून ते फुकट होत नाहीत. ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना तशी परवानगी मिळावी, त्यासाठी भांडा. मी तुमच्या बाजूने येईन.

टिळकनगर
मध्येच बोलतो. माझ्या मामाने १९९१ मध्ये अमेरिकेहून 'प्रिन्स'चा मूळ डबा आणला होता. मॅन्युअलसकट आहे. फ्लॉप्या सव्वापाच इंची. सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारलं, यूएसबीचे ड्राइव्ह फक्त साडेतीनचे.

रामबागवाला
तो डबा हलवू नका! सव्वापाचचा ड्राइव्ह मात्र माझ्याकडेही नाही.

लोकमान्यनगर
माझ्या ४८६ ला आहे, चालू आहे. रविवारी सकाळी घेऊन या. फ्लॉपीच्या कव्हरला असलेल्या खिडकीतून चकती उजेडात बघा, बुरशीचे ठिपके असले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, आधी साफ करू. आणि रामबागवाले, तुम्हीही या. कॉपी कशी करायची ते तुम्ही बघा, ड्राइव्ह मी सांभाळतो.