एकाच प्रश्नावरून वेगवेगळ्या विषयांत शिरायचं आहे, सुरुवात कुठून करू?

नागकेशर:
नमस्कार मंडळी. मी कॉमर्सची, कामही हिशेबाचंच. विज्ञानाशी संबंध दहावीत सुटला, पण प्रश्न पडायचे थांबले नाहीत. सध्या डोक्यात अधिक महिना आहे. २०२३ ला श्रावण अधिक होता, २०२६ ला ज्येष्ठ. मग पौष कधीच अधिक का होत नाही? घरी विचारलं तर धोंड्याचं वाण, जावयाला अनारसे, दानाचे नियम, सगळं कळलं. ते मला मनापासून आवडतं, पण कोणता महिना दोनदा यायचा हे ठरतं कसं, ते कोणी सांगेना. नेटवर एकतर व्रतकथा मिळतात, नाहीतर एकदम समीकरणं. असा एखादा प्रश्न धरून खगोल, गणित, इतिहास सगळीकडे थोडं थोडं हिंडता येईल असं काय वाचू? मराठीत असेल तर फार बरं. परीक्षा आणि सर्टिफिकेट नको.

वाटाड्या:
मराठी विश्वकोश. ऑनलाइन फुकट आहे. 'पंचांग' आणि 'कालगणना' शोधा आणि नोंदीत दुसरा विषय दिसला की तिकडे वळा. भाषा थोडी जड वाटेल, पण मजकूर भरवशाचा आहे.

करवंद:
विश्वकोशाला माझंही अनुमोदन, पण आधी घरातली दिनदर्शिका काढा. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

बारा चांद्र महिन्यांचे साधारण ३५४ दिवस होतात आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकराएक दिवस मागे पडतात, ते भरून काढायला अधिक महिना. एवढं बहुतेकांना माहीत असतं. नेमका कोणता महिना, याचा नियम असा: ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत येत नाही, तो अधिक. मकर संक्रांत एकच सण म्हणून आपल्या लक्षात राहते, पण सूर्य राशी बदलतो त्या बारा संक्रांती वर्षात असतात आणि दिनदर्शिकेत त्या छापलेल्या असतात. २०२३ ची घ्या. कर्क संक्रांत १७ जुलैला पहाटे झाली आणि त्याच रात्री अमावस्या संपली. पुढची अमावस्या १६ ऑगस्टला, सिंह संक्रांत १७ ऑगस्टला. दोन अमावस्यांच्या मधल्या महिन्याला संक्रांत मिळालीच नाही, म्हणून तो अधिक श्रावण.

आता पौषाचं. संक्रांतींमधलं अंतर मोजा. मिथुन ते कर्क, म्हणजे जून-जुलैत, ३१-३२ दिवस. धनू ते मकर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, जेमतेम २९. चांद्र महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन संक्रांतींच्या मध्ये तो अख्खा मावतो, हिवाळ्यात मावायला जागाच उरत नाही. आणि हिवाळ्यात संक्रांती जवळजवळ का? कारण पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जवळ असताना ती सूर्याभोवती वेगाने फिरते, म्हणून सूर्य एकेक रास लवकर ओलांडताना दिसतो. जुलैत अंतर १५.२ कोटी, तेव्हा वेग कमी. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०९ मध्ये मांडलेला नियम तो हाच. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. पौषात अधिक महिना येत नाही, यातच पृथ्वीची कक्षा गोल नसल्याची खूण आहे.

म्हणून माझा सल्ला असा की विषय निवडू नका, प्रश्नाचे तुकडे करा. हे कसं होतं, हा खगोलाचा तुकडा. किती वर्षांनी तेच परत येतं, हा गणिताचा. हे कोणी ठरवलं, हा इतिहासाचा. दुसरीकडे लोक काय करतात, हा संस्कृतींचा. एकेक तुकडा घेऊन वाचत गेलात की कुठे काय शोधायचं ते आपसूक कळतं.

गणिताचा तुकडा तुम्ही हिशेबवाल्या असल्याने लगेच जमेल. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्र महिने यांत फक्त दोनेक तासांचा फरक पडतो. म्हणजे १९ वर्षांनी बहुधा तोच महिना अधिक यायला हवा. २०२३ च्या १९ वर्षं आधी, २००४ ला अधिक कोणता होता ते बघा.

सरळरेघ:
एवढं सगळं खरं, पण नुसतं प्रश्नांमागे धावलं की पाया राहत नाही. स्वयम् किंवा एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सरकारी संकेतस्थळांवर खगोलशास्त्राचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम ओळीने बघा. फुकट आहे, परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही.

करवंद:
पाया हवाच, याबद्दल वाद नाही. पण ज्यांचा अभ्यास सुटून वर्षं झालीत त्यांनी थेट अभ्यासक्रम धरला तर तिसऱ्या व्याख्यानाला कंटाळा येतो. प्रश्न अडला, की तेवढंच व्याख्यान बघावं.

कोकणकडा:
इतिहासाच्या तुकड्यासाठी दोन नावं देतो. कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला. त्यात ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) न वापरता ग्रहगणित करायच्या रीती आहेत आणि आपली पंचांगं त्यावर शतकानुशतकं चालली. दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित. भारतीय ज्योतिषाचा इतिहास त्यांनी १८९६ मध्ये मराठीत लिहिला. सगळा वाचायची गरज नाही, पंचांगांचा भाग आधी वाचा. मग शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीकडे या. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. ती सौर आहे, तिच्यात अधिक महिनाच नाही.

पुण्याकडे असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेची चौकशी करा. १९४४ पासूनची हौशी खगोलप्रेमींची संस्था आहे. मुंबईत मराठी विज्ञान परिषद. अशा ठिकाणी माणसांना विचारता येतं, हे पुस्तकापेक्षा मोठं.

नागकेशर:
सगळ्यांचे आभार. २००४ बघितलं. अधिक श्रावणच! आणि २००७ ला अधिक ज्येष्ठ, २०२६ सारखाच. आता पुढचा प्रश्न पडलाय. शेजारच्या घरात रमजान कधी उन्हाळ्यात असतो, कधी थंडीत. तिथे अधिक महिना घालत नाहीत का?

करवंद:
नाही, इस्लामी कालगणनेत तो घालायला मनाई आहे. त्यामुळे वर्ष ३५४-३५५ दिवसांचंच राहतं आणि रमजान साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. ज्यू लोक मात्र आपल्यासारखेच १९ वर्षांत सात महिने वाढवतात. हा तुमचा चौथा तुकडा. आजच्या इराकमधल्या प्राचीन बॅबिलोनपासून सुरुवात करा, १९ वर्षांचं चक्र तिथल्या लोकांकडे इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात वापरात होतं.