मदत हवी आहे: फॉलआउट ४ – चहूबाजूंनी तट घातला, तरी रेडर (लुटारू) आत कसे?

रातकिडा
नमस्कार मंडळी. २०१५चा गेम, मी घेतला गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये, त्यामुळे प्रश्न शिळा वाटला तर सांभाळून घ्या. मूळ कथेतला हरवलेला मुलगा अजून हरवलेलाच आहे. मी रोज रात्री घरचे झोपले की गेममधल्या वस्त्यांच्या भिंती बांधत बसतो.

वस्ती स्टारलाइट ड्राइव्ह-इन. मोठा पडदा, समोर मोकळं पार्किंग, मध्ये डबकं. डबक्यात पाणी शुद्ध करणारी चार यंत्रं, म्हणजे पाणी ४०. अन्न २४. संरक्षण ७८: मशीनगनचे १२ टरेट (आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुका) आणि तीन माणसांकडे मिळून ९ गार्ड पोस्ट (पहाऱ्याच्या चौक्या). संरक्षणाचा आकडा अन्न अधिक पाणी यापेक्षा जास्त हवा असं वाचलं होतं, तो आहे. सभोवार जंक फेन्स (भंगाराचं कुंपण), फट म्हणून ठेवली नाही. दरवाजा एकच, तोही हौसेने गोमुखी केलाय, रायगडासारखा. (त्या वळणात व्यापाऱ्याची दोन डोक्यांची गाय अडकते. तिला गेममध्ये काय म्हणतात ते इथे लिहिलं तर धागा भलतीकडे जाईल.)

काल हल्ल्याचा निरोप आला म्हणून फास्ट ट्रॅव्हल केलं (नकाशावरून थेट उडी). पोचतो तर पाच-सहा रेडर पडद्याच्या पायथ्याशी. तटाच्या आत! टरेट मी तटाच्या बाहेरच्या अंगाला लावलेत, त्यांना मध्ये आलेल्या पत्र्यांमुळे आतलं काही दिसेना. जनरेटर फुटला, चारही यंत्रं बंद. एक बाई पाइप पिस्तूल घेऊन एकटी लढत होती, बाकीचे हात डोक्यावर धरून पळत होते.

दरवाजा तर बंद होता. मग हे आले कुठून? आणि ७८ संरक्षण असताना हल्ला होतोच कसा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनापाना
आले कुठूनच नाहीत, तिथेच उगवले. प्रत्येक वस्तीत हल्लेखोर उगवायच्या जागा गेमने आधीच ठरवून ठेवल्यात, आणि काही वस्त्यांत त्या बांधकामाच्या हद्दीतच पडतात. तुझा तट त्या जागेला वळसा घालून गेला, म्हणजे तू चोराला आत घेऊन कडी लावलीस.

पुढचा निरोप आला की जायच्या आधी सेव्ह कर. पोचल्यावर लढू नकोस, नुसतं बघ कुठे उभे राहतात. दोन-तीनदा लोड करून पाहिलंस की जागा कळतील. मग प्रत्येक जागेकडे तोंड करून तीन-चार टरेट, तेही उंचावर. लाकडी मचाण किंवा खोपटाचं छत चालतं. जमिनीवरच्या टरेटला पीक, कुंपण, माणूस, सगळंच आड येतं. मशीनगनच्या टरेटला वीज लागत नाही, त्यामुळे जनरेटर गेला तरी ते चालू राहतात. म्हणून वीज लागणाऱ्या लेझर टरेटच्या मोहात लवकर पडू नकोस. मिसाइल टरेट तर वस्तीच्या मध्यभागी अजिबात नको, त्याच्या स्फोटात आपलीच माणसं लोळतात.

जनरेटर मात्र चार भिंतींत कोंडून ठेव. तुझी जंक फेन्स तिथे कामी येईल.

पोहेवाला
+१. आणि ती बाई एकटीच का लढत होती? बाकीच्यांना शस्त्रं दिलीस का? माणसाशी देवाणघेवाण उघडायची, चांगली रायफल द्यायची आणि तिची एकच गोळी. ती एक गोळी त्याला जन्मभर पुरते. मिसाइल लाँचर आणि फॅट मॅनला (छोटे अणुबॉम्ब फेकणारं शस्त्र) ही सवलत नाही. रायफल दिल्यावर तीच वापरायला सांगणारं बटण दाबायला विसरू नकोस, नाहीतर खिशात ठेवून पाइप पिस्तूलच चालवतात येडे.

त्रैराशिक
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. संरक्षण वाढवलं की हल्ल्याची शक्यता घटते, पण शून्य होत नाही. प्रत्येक वस्तीला दिवसाला किमान २ टक्के राहतातच. एकदा हल्ला झाला की त्याच वस्तीवर निदान सात दिवस पुन्हा होत नाही, एवढाच दिलासा. आता तुझ्या ताब्यात वस्त्या किती?

रातकिडा
चौदा.

त्रैराशिक
मग हिशेब कर. एका दिवसात चौदापैकी एकीवरही हल्ला न होण्याची शक्यता साधारण ७५ टक्के. म्हणजे गेममधल्या दर चार दिवसांत सरासरी एकदा कुठेतरी निरोप येतो. तुझं ७८ चुकलेलं नाही, तुझा पसारा वाढलाय. प्रेस्टन या पात्राशी बोलणं कमी कर, तो नवीन वस्ती गळ्यात बांधल्याशिवाय सोडत नाही.

गेला नाहीस तर निकाल गेम फासे टाकून लावतो. संरक्षण आणि माणसं जास्त असली की फासे तुझ्या बाजूने झुकतात, पण खात्री कशाचीच नाही. म्हणून ज्या वस्तीत पाण्याची यंत्रं आहेत तिथे स्वतः जायचं, बाकीच्या सोडून द्यायच्या. मी तरी तसंच करतो.

रातकिडा
मंडळी, धन्यवाद! दोन रात्री खर्ची घातल्या. एक जागा पडद्याच्या डाव्या पायाशी, दुसरी बाहेर रस्त्याकडे. सहा टरेट मचाणावर चढवून पडद्याकडे वळवले. मध्ये बांधकामाला लागणारं तेल संपलं, तेव्हा रसायनांच्या टेबलावर हाडं आणि आम्ल घालून कटिंग फ्लुइड बनवलं आणि त्यातून तेल काढलं. आजचा हल्ला मी बंदूक उपसायच्या आत संपला.

गोमुखी दरवाजा जड मनाने पाडला. पण गाय आता खोपटाच्या छतावर जाऊन उभी आहे. जिना नाही, काही नाही. कशी चढली देव जाणे. उतरवायची कशी?

जुनापाना
व्यापाऱ्याची असेल तर तो निघाला की जाईल मागोमाग. वस्तीचीच असेल तर खाली गव्हाण बांध, मेनूत आहे. तिथे येऊन उभी राहते.