विषय: वरच्या मजल्यावर पीयू कॉर्निस घरीच बसवणे (बडोदा)

प्रेषक: मांजलपूर

नमस्कार मंडळी,
हॉलला छताच्या कडेने चार इंची पीयू (पॉलियुरेथेन) कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत मिळतात तिथली शोभेची पट्टी, घरीच लावायची आहे. खोली १४ बाय १२ फूट, आरसीसी छत, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावरचा. पट्टी आठ फुटी मिळते. किती नग आणू? अमेरिकेतल्या व्हिडिओंत गनने खिळे मारतात, तसं इथे चालेल का? आणि ४५ अंशांत कापलेले दोन तुकडे कोपऱ्यात जुळत का नाहीत?

प्रेषक: दांडिया बाजार

ताई, खिळे विसरा. तिकडे भिंतीच्या आत दर सोळा इंचांवर लाकडी उभे खांब असतात, खिळा त्यात रुततो. आपल्याकडे प्लास्टरमागे वीट आणि वर काँक्रीट. खिळा वाकेल नाहीतर प्लास्टरचा पोपडा उडवेल. इथे गोंद आणि स्क्रू.

परीघ ५२ फूट, म्हणजे सात नगांचे ५६ फूट कागदावर पुरतात. पण बारा फुटी दोन्ही भिंतींचे चार-चार फुटी तुकडे एकाच नगातून काढायला गेलात, तर करवत खाते ते आणि सांध्याचा तिरपा काप यांना जागाच उरत नाही. आठ आणा. उरलेल्या तुकड्यांवर कोपरे कापून बघता येतील. लांबीतला सांधाही ४५ अंशांत तिरपा कापा, सरळ काप भरला तरी पुढे रेघ दिसते.

गोंदाची ३०० मिलीची नळी, पाच मिलिमीटर जाडीची धार सोडली, तर साधारण १५ मीटर जाते. भिंतीची आणि छताची कड मिळून ३२ मीटर, म्हणून तीन नळ्या. डिस्टेंपरवर मात्र गोंद लावू नका, तो डिस्टेंपरसकट खाली येईल. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पुट्टीपर्यंत घासा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या.

माप घेताना फूटभर तुकडा गुण्यात (सुताराच्या काटकोनी मापपट्टीत) धरा. मागच्या दोन्ही सपाट कडा गुण्याच्या दोन पायांना पूर्ण टेकल्या की खालची कड किती उतरते ते बघा, आणि छतापासून तेवढं खाली भिंतीवर सूतदोरीने रेघ मारा. छत कुठे पोट काढून खाली आलं असेल तर लेव्हलचा हट्ट धरू नका, छत जसं जाईल तशी पट्टी लावा. डोळ्याला छताशी राहिलेली फट लगेच दिसते, पाच मिलिमीटरचा उतार नाही.

तुकडे जुळत नाहीत, कारण तुम्ही पट्टी आडवी झोपवून कापली असणार. तशी कापायची तर दोन कोन एकदम लागतात: ४५ अंशांत झुकणाऱ्या पट्टीला मायटर (करवत आडवी फिरवण्याचा कोन) ३५.३ आणि पात्याचा झुकाव ३०. साध्या मायटर बॉक्सचं (करवतीसाठी तिरप्या खाचा असलेल्या पेटीचं) ते काम नाही. पट्टी उलटी ठेवा. छताला लागणारी कड बॉक्सच्या तळावर, भिंतीला लागणारी बॉक्सच्या उभ्या बाजूला. मागे पेन्सिलीने ‘छ’ आणि ‘भ’ लिहा, नाहीतर तिसऱ्या तुकड्याला घोळ होतोच. उलटी ठेवली की डावं-उजवंही बदलतं. पट्टी कापताना सरकू नये म्हणून बॉक्सच्या तळाला एक बारकी लाकडी पट्टी ठोकून घ्या. झुकाव दोन अंशांनी हलला तरी कोपरा बिघडतो.

प्रेषक: अलकापुरी

दादांनी सगळं नेमकं सांगितलंय, फक्त एक गोष्ट बदला. वरच्या मजल्याचा स्लॅब मे महिन्यात तापून पसरतो, रात्री आकसतो. भिंत तेवढी हलत नाही. पट्टी दोघांनाही चिकटवली तर पहिल्याच उन्हाळ्यात एका कडेला केसासारखी चीर जाते. म्हणून गोंद फक्त भिंतीच्या कडेला. सोळा मीटर, दोन नळ्या. छताची कड मोकळी ठेवून तिथे अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

धरायला दर दोन फुटांवर स्क्रू: ६ मिलिमीटरचं भोक, गिट्टी (भोकात बसवून स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी), ५० मिलिमीटरचा स्क्रू, म्हणजे प्लास्टर ओलांडून विटेत जाईल. भिंतीच्या माथ्यावर बीम असेल तर हॅमर ड्रिल लागेल. स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नका, वायरिंगचा पाइप तिथूनच छतात जातो.

प्रेषक: मांजलपूर

आभार. एक कोपरा अँगल गेजने ९२ अंश भरला. म्हणजे करवत ४६ वर?

प्रेषक: दांडिया बाजार

नाही, ४४ वर. कोपऱ्याचा अर्धा ४६ खरा, पण करवतीवरचा आकडा काटकोनापासून मोजलेला असतो: ९० वजा ४६. ४६ वर कापलंत तर भिंतीशी टोकं भिडतील आणि समोर, नेमकं दिसतं तिथे, काही मिलिमीटरची फट पडेल. बॉक्सला फक्त ४५ ची खाच असेल तर तिथेच कापा आणि मागच्या कडेवरून ८० नंबरचा पेपर फिरवत जा, पीयू सहज झिजतं. जोडी आधी कोरडी लावून बघा. कापाला गोंद त्यानंतरच.