बीएलओचं काम शाळेच्या वेळेत, लेखी नकार देता येतो का?

वस्तीवरचा गुरुजी
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची वस्तीशाळा, पहिली ते चौथी, पट 31, शिक्षक दोन. सोबतच्या मॅडम प्रसूती रजेवर, त्यांच्या जागी माणूस देण्याचं 'बघतो'वर अडकलंय. आणि मी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी.

मंगळवारी सव्वाअकराला तहसीलमधून फोन आला, "गुरुजी, यादीतल्या दुरुस्तीचे, नमुना 8 चे पंधरा अर्ज पेंडिंग दिसतायत, आज संपवा." तिसरीची हातच्याची वजाबाकी अर्ध्यात सोडली, चौथीतल्या एका मुलीला पाढे घ्यायला सांगितलं, खिचडीच्या ताईंना लक्ष ठेवायला विनवलं आणि गाडी काढली. दीड तासाने आलो तर ती पोरगी छडी हातात घेऊन थेट माझ्या आवाजात ओरडत होती, "गप्प बसा रे!" हसू आलं खरं, पण त्या दीड तासात एखादं पोर विहिरीकडे गेलं असतं तर निलंबित कोण झालं असतं?

शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम 27 दाखवून ऑर्डर परत केली तर चालेल का?

जुनं खोड
नाही चालणार. कलम 27 पूर्ण वाचा. अशैक्षणिक कामाला मनाई आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना तिथेच सूट दिलीय. वर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 32 आहे, यादीच्या कामात कसूर केली तर तीन महिने ते दोन वर्षं कैद. त्याची नोटीस हातात पडली की रात्री झोप लागत नाही, अनुभव आहे.

तुमच्या कामाचा आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा निकाल, निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल. शिक्षकांना हे काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या वेळेत सहसा नको, असं त्यात आहे. तेव्हा नकार नको, वेळ मागा. तहसीलला पत्र द्या, त्यात पट, मॅडमच्या रजेचा तपशील आणि 'सध्या एकटाच शिक्षक हजर' एवढंच लिहा. भाषण नको. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दोन्हीकडे पत्र पोचल्याचा आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही.

सावित्रीची लेक
दादा, सुट्टीच्या दिवशी करू म्हणताय तर तेही लेखी घ्या हं. आपल्याला दीर्घ सुट्टी म्हणून अर्जित रजा इतरांसारखी मिळत नाही. दिवाळी-उन्हाळ्याची सुट्टी अशा कामात गेली तर त्या प्रमाणात रजा जमा होते, पण आदेश नसेल तर सेवापुस्तकात नोंद कोण करणार? माझी अख्खी उन्हाळी सुट्टी तोंडी हुकमात गेली. संध्याकाळी पाड्यावर एकटीने फिरले ते वेगळंच.

वस्तीवरचा गुरुजी
पत्र दिलं. बाबूंनी आधी, "हे कशाला आता?" केलं, मग शिक्का मारला. नायब तहसीलदार फोनवर म्हणाले, शनिवार दुपार आणि रविवार करा. ताई, तुमचं वाचून तेवढ्याचाच लेखी आदेश मागितला, तर म्हणे, "व्हॉट्सॲपवर टाकतो." हा मेसेज सेवापुस्तकाला चालतो का?

जुनं खोड
प्रिंट काढा, त्याचा संदर्भ देऊन पुन्हा पत्र द्या. आणि पुन्हा आवक क्रमांक.